मेणाचें घर



गेल्या सप्टेंबरांत आम्ही नागपूरचे कांहीं जण वांद्र्याच्या मोत माउलीच्या यात्रेस गेलों होतों. आगगाडींत रात्रभर मंडळींच्या तोंडीं घराच्याच गोष्टी! दूधवाल्यास निरोप दिला कीं नाहीं, येथपर्यंत.

टेकडीवर मेणाच्या वस्तूंचीं दुकानें आहेत. ज्याचा हात दुखतो तो मेणाचा हात वाहतो. ज्यास घर हवें तो मेणाचें घर. आमच्या संगतींतील एका आजींनीं तें घर हातीं घेतलें, निरखलें व परत ठेवलें. “तीन खोल्या रिकाम्या आहेत, आणखी घर मागून काय करूं?” असें म्हणून त्यांनीं मेणाचा माणूस घेतला. परदेशीं गेलेल्या मुलाची त्यांस चार वर्षें भेट नव्हती. आम्ही सारे निरुत्तर झालों.

परततांना आपल्या कथीड्रलचे आश्रयदाते संत फ्रान्सिस डी सेल्स आठवले. १६०२ सालीं ते जिनीव्हाचे बिशप झाले. परंतु तें नगर काल्विनपंथीयांच्या हातीं असल्यामुळें त्यांस तेथें राहतां आलें नाहीं. अ‍ॅनसी येथें राहून त्यांनीं १६२२ पर्यंत, मरेपर्यंत, आपला कळप सांभाळला. पुढें एकोणिसाव्या शतकांत त्यांच्या नांवाच्या संघाचे धर्मगुरू त्याच बर्फाच्या मुलखांतून नागपुरास आले. मे महिन्यांत त्यांस काय वाटलें असेल, हें नागपूरकरांस सांगणें नको!

स्थानकावर आजींस घ्यावयास कोणी आलें नव्हतें. आम्ही त्यांच्या दारापर्यंत गेलों. कुलूप त्यांनींच उघडलें, आणि चहा घेतल्यावांचून आम्हांस जाऊं दिलें नाहीं.