चौकटीतले डॅलेक : दूरचित्रवाणी मालिकेवरची चित्रकथा कशी पाहावी

दूरचित्रवाणीवरच्या एखाद्या विज्ञानकथेला लोकप्रियता मिळाली की तिच्यावरून चित्रकथा निघते, आणि ती हाती येताच बहुतेक वाचक चित्रातला नायक पडद्यावरच्या नटासारखा दिसतो की नाही हेच आधी पाहतात. ही उत्सुकता स्वाभाविक असली, तरी परीक्षण तेवढ्यावरच थांबले तर चित्रकाराच्या खऱ्या कामगिरीकडे दुर्लक्ष होते. कारण पडद्यावर हालचाल, आवाज आणि संगीत यांनी जे साधते, ते चित्रकाराला स्थिर आणि मूक कागदावर साधायचे असते.

या कलेचे मूळ तत्त्व बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या दैत्यसूदन मंदिरातही पाहता येईल. तेथे पुराणातील प्रसंग दगडात कोरताना शिल्पकाराने लांबलचक आख्यानातला एकच क्षण निवडलेला असतो, आणि त्याच्या आधीचे व नंतरचे सारे काही पाहणारा कीर्तन-पुराणात ऐकलेल्या कथेच्या आधाराने मनात जुळवून घेतो. चित्रकथेत असे निवडलेले अनेक क्षण चौकटींमध्ये ओळीने मांडलेले असतात. दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीला या व्यवसायात ‘गटर’ म्हणतात. घटनेचा न काढलेला भाग या पट्टीत घडतो आणि तो वाचकाच्या कल्पनेने पुरा होतो. म्हणून चित्रकाराने काय काढले याच्या जोडीला त्याने काय वगळले हेही परीक्षकाने पाहिले पाहिजे.

या दृष्टीने अभ्यासण्याजोगे उत्तम उदाहरण ब्रिटनमधले आहे. बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी ‘डॉक्टर हू’ ही मालिका सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिच्यात डॅलेक अवतरले. डॅलेक म्हणजे स्कारो ग्रहावरचे, धातूच्या कवचात बसून फिरणारे, दयामाया नसलेले जीव. त्यांची कल्पना लेखक टेरी नेशन यांची आणि त्या कवचाची रचना रेमंड क्युसिक यांची. जानेवारी १९६५ मध्ये ‘टीव्ही सेंच्युरी २१’ हे मुलांचे साप्ताहिक निघाले आणि त्याच्या मलपृष्ठावर दर आठवड्याला एक रंगीत पान याप्रमाणे ‘द डॅलेक्स’ ही चित्रकथा जानेवारी १९६७ पर्यंत चालली. तिच्यावर नाव नेशन यांचे असे, पण लेखनाचा मोठा भार ‘डॉक्टर हू’ मालिकेचे पहिले कथा-संपादक डेव्हिड व्हिटेकर यांनी उचलला, तर चित्रे प्रथम रिचर्ड जेनिंग्ज यांनी, मध्यंतरी काही काळ एरिक ईडन यांनी आणि नंतर रॉन टर्नर यांनी काढली.

या चित्रकथेत मालिकेचा नायक डॉक्टर नाही. डॅलेकांच्या हक्कांत नेशन यांचा वाटा होता आणि डॉक्टरची चित्रकथा ‘टीव्ही कॉमिक’ या दुसऱ्या साप्ताहिकात चालू होती, त्यामुळे नायक एकीकडे आणि त्याचे शत्रू दुसरीकडे अशी वाटणी झाली. व्यवहारातून आलेल्या या अडचणीचे लेखक-चित्रकारांनी सोने केले. नायकच नसल्यामुळे त्यांना खलपात्रांनाच कथेच्या केंद्रस्थानी आणावे लागले, त्यांचा सम्राट, त्यांची नगरी आणि त्यांची आपसांतली भांडणे रचावी लागली. आणि मुलांच्या साप्ताहिकात क्रूर यंत्रांचा इतिहास त्यांच्याच बाजूने सांगण्याचे हे धाडस आजही थक्क करणारे आहे.

आरंभीच्या कथाभागात स्कारोवर युद्धाची तयारी चालू असते, यार्व्हेलिंग नावाचा शास्त्रज्ञ पुढे डॅलेकांचे कवच ठरणारे युद्धयंत्र घडवतो, आणि अण्वस्त्रे शत्रूवर पडण्याआधीच उल्कांचा वर्षाव होऊन त्या साठ्याचा स्फोट होतो. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे लोणारचे आघातविवर ज्यांनी काठावर उभे राहून पाहिले आहे, त्यांना आकाशातून आलेल्या दगडाने एका ग्रहाचे भवितव्य पालटण्याची ही कल्पना पोरकट वाटणार नाही. पुढे दूरचित्रवाणीने १९७५ साली डॅलेकांच्या जन्माची अगदी वेगळी कथा सांगितली. तेव्हापासून चित्रकथेतली कथा ‘खरी’ की ‘खोटी’ असा वाद होऊ शकतो, परंतु समीक्षेच्या दृष्टीने त्यातून फारसे हाती लागत नाही. एकाच आख्यानाची निरनिराळी रूपे ऐकत वाढलेल्या मराठी श्रोत्याला तर ही गोष्ट समजावून सांगण्याचीही गरज नाही.

चित्रांकडे पाहताना रंगाचा विचार आधी करावा. दूरचित्रवाणीवरचा ‘डॉक्टर हू’ १९७० पर्यंत कृष्णधवल होता, त्यामुळे सम्राटाचे सोनेरी, गोल, अवाढव्य मस्तक वाचकांना प्रथम कागदावरच दिसले. त्यानंतर प्रमाणाचा, म्हणजे आकारांच्या परस्परसंबंधाचा, विचार करावा. स्टुडिओत मोजकीच कवचे उपलब्ध असत, पण कागदावर डॅलेकांची सेना क्षितिजापर्यंत पसरवायला वेगळा खर्च येत नव्हता. ते उडत्या तबकड्यांवर स्वार होऊन आकाशात जाऊ शकत होते. सर्वांत अवघड प्रश्न मात्र भावदर्शनाचा होता, कारण डॅलेकाला चेहरा नसतो. त्याचा राग, संशय आणि भीती ही नेत्रदांड्याचा कल, दोन कवचांमधले अंतर आणि चौकटीतला प्रकाश यांतूनच दाखवावी लागतात. पडद्यावरचा कर्कश यांत्रिक आवाजही येथे नाही, त्याची जागा संवादाच्या फुग्याला आणि अक्षरांच्या वळणाला घ्यावी लागते. टर्नर यांच्या चित्रांतली कोनदार यंत्रे आणि भडक आकाश पाहिले की या मर्यादेलाच त्यांनी शैली बनवले हे लक्षात येते, आणि या बाबतीत ते जेनिंग्ज यांच्याही पुढे गेले असे म्हणावेसे वाटते.

याच्या उलट उदाहरण ‘स्टार ट्रेक’चे आहे, जी मालिका भारतीय प्रेक्षकांनी १९८०च्या दशकात दूरदर्शनवर पाहिली. तिच्यावरची ‘गोल्ड की’ या अमेरिकी प्रकाशनाची चित्रकथा १९६७ मध्ये निघाली, तेव्हा तिचे इटालियन चित्रकार मालिका न पाहता छायाचित्रांच्या आधारे काम करीत होते, आणि म्हणून मालिकेतल्या एंटरप्राइझ यानाच्या मागून अग्निबाणासारख्या ज्वाळा निघताना दिसतात. ही चूक निर्विवाद आहे. पण त्या चित्रकारांपैकी अल्बर्टो जिओलिटी यांनी काढलेल्या परग्रहांवरच्या वनराजी आणि भग्न नगरे यांचे सामर्थ्य तिच्यामुळे उणे होत नाही. मराठीतही निघालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधला फ्लॅश गॉर्डन तर उलट वाटेने गेला : १९३४ साली वृत्तपत्रातल्या चित्रपट्टीत जन्मून तो १९३६ मध्ये पडद्यावर पोहोचला.

‘द डॅलेक्स’मध्ये दोषही आहेत. चित्रात जे स्पष्ट दिसते तेच वरच्या निवेदनपट्टीत, म्हणजे चौकटीच्या कडेला छापलेल्या निवेदकाच्या वाक्यात, पुन्हा सांगितले जाते, आणि त्यामुळे चांगल्या चौकटीचाही वेग मंदावतो. मानवी पात्रे डॅलेकांच्या तुलनेत निर्जीव वाटतात, आणि दर आठवड्याला एका पानात नवे संकट उभे करण्याच्या सक्तीने काही कथा घाईत गुंडाळल्या गेल्या आहेत. अखेरच्या कथेत मात्र ही घाई दिसत नाही. तेथे डॅलेकांना पृथ्वीचा ठावठिकाणा लागतो आणि चित्रकथा थांबते. पृथ्वीवरचे त्यांचे आक्रमण पडद्यावर १९६४ सालीच दाखवून झालेले होते, त्यामुळे हा शेवट वाचणाऱ्या मुलाला पुढे काय होणार हे ठाऊक होते आणि ते चित्रात काढण्याची गरज लेखक-चित्रकारांना उरली नव्हती.