खुराडं झाका, कोंडू नका



कापसाचा पैसा येईल तेव्हा येईल. घरातलं तेलमीठ माउली कोंबडा विकून भागवते. तो पौषाच्या थंडीत जगला पाहिजे. मी शेतकीचा पदवीधर, तरी पहिल्या हिवाळ्यात खुराडं पोत्यांनी गच्च बांधलं. आत विष्ठेचा उग्र वास कोंडला, ओल धरली, कोंबडे घरघरू लागले. थंडीपेक्षा ओल वाईट! वाऱ्याची बाजू तेवढी पोत्यानं झाका. वर वीतभर फट ठेवा, पण तिला जाळी मारा, नाहीतर रानमांजर शिरलंच म्हणून समजा. खाली कोरडं भुसकट टाका, ओलं झालं की बदला. बसायला पऱ्हाटी नको, जाड दांडा द्या. पाय पिसांखाली झाकतात. दिवेलागणीला मूठमूठ ज्वारी टाका, ती पचताना रात्री ऊब देते. मानमोडीची लस मात्र थंडीआधीच टोचून घ्या.