रंग उतरवताना



सावेडी हे तसं नव्या घरांचं उपनगर. गुलमोहर रोड, पाइपलाइन रोड, भिस्तबागेचा परिसर, इथं माणसं राहायला आली ती बरीचशी जुन्या नगरातल्या वाड्यांमधून, नाहीतर तालुक्यांच्या गावांहून. वाडा मागे राहिला. पण कपाट, दिवाण, चौरंग, माळ्यावरचा पाळणा हे सगळं टेम्पोत बसून नव्या घरी आलं. या लाकडावर रंगांचे थर आहेत. दर लग्नाला एक हात, ही आपली जुनी रीत. आमच्या कपाटाच्या एका कोपऱ्याचा टवका उडाला आहे. तिथं निरखून बघितलं तर वर चॉकलेटी, त्याखाली क्रीम, त्याखाली पोपटी, मग पिवळाधमक, तळाशी पांढरट अस्तर आणि त्याच्याही खाली साग. पोपटी रंग माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नातला, क्रीम माझ्या स्वतःच्या. ज्या घराण्यानं कधी वही ठेवली नाही, त्याचा हा इतिहासच.

हल्ली आपल्याला तळातला तो साग बघायची हौस आली आहे. हौस चांगली आहे. भुसा दाबून केलेल्या फळ्यांच्या नव्या कपाटापेक्षा जुना साग केव्हाही बरा. म्हणून ईद-दिवाळी जवळ आली की सुट्टीच्या दिवशी गल्लीत खर्र-खर्र आवाज सुरू होतो. घरचाच माणूस, हातात पॉलिश पेपर, तोंडाला रुमालसुद्धा नाही, शेजारी लेकरू खेळतंय आणि पिवळी-हिरवी पूड वाऱ्यावर उडतेय. आज मला बोलायचं आहे ते या पुडीबद्दल.

मी सुतार नाही की रंगारी नाही. ही गोष्ट मला कळली ती मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली तेव्हा. सातवा सरून गेला होता. आमच्या हिनं माळ्यावरून पाळणा खाली काढायला लावला. घरातलं प्रत्येक मूल त्यातच झोपलेलं, तेव्हा हेही त्यातच झोपणार, यावर चर्चा नव्हती. मुलगी म्हणाली, “अब्बा, मला बसून कंटाळा येतो, मीच घासते.” त्याच वेळी आमचे जुने पॉलिशवाले चाचा आले होते. त्यांनी पाळण्याची कड नखानं खरवडली, खालचा पिवळा बघितला आणि म्हणाले, “भाई, हे कोरडं घासायचं नाही. आणि पोरीला आधी इथून उठवा.”

मग त्यांनी आपल्या उस्तादांची हकिकत सांगितली. आयुष्यभर रंग घोटलेला माणूस. पोटात अधूनमधून अशी कळ यायची की गडी जमिनीवर लोळायचा. पुढं पुढं मनगटं लुळी पडली, हातात ब्रश ठरेना. चाचांना त्या दुखण्याचं नाव माहीत नव्हतं, कारण मात्र माहीत होतं: शिसं. वैद्यकाच्या पुस्तकांत रंगाऱ्यांची पोटदुखी आणि लुळं मनगट ही शिशाच्या विषबाधेची जुनी, ठरलेली लक्षणं म्हणून दिलेली आहेत. चाचा पुस्तक वाचून बोलत नव्हते, इतकंच.

शिसं म्हटलं की आपली जरा फसगत होते. शिसपेनीत शिसं नसतं, शिसवी लाकडातही नसतं. आणि जिथं असतं, तिथं ते नाव बदलून बसलेलं असतं. जुना सफेदा म्हणजे शिशाचं पांढरं. मुरदाडशिंग म्हणजे शिशाचंच भस्म. खरा शेंदूरही शिशाचाच. गवयाचा आवाज घालवायला पानातून शेंदूर देत, ही कहाणी आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. ऑइलपेंटमधला तो झळझळीत पिवळा, तोही बहुधा शिशाचा. हाच पिवळा हिरव्यात मिसळला जाई, केशरी-लालातही त्याची भावकी असे. शिवाय रंग लवकर सुकावा म्हणून घालायच्या द्रावणातही शिसं असे. रंग टिकाऊ होई, चमक राही, त्यामुळे कुणाची तक्रारही नसे.

आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशावर कायद्याचं बंधन आलं ते फार उशिरा. केंद्र सरकारनं २०१६ साली नियम केले आणि नोव्हेंबर २०१७ पासून ते लागू झाले: रंगाच्या दहा लाख भागांत शिशाचे ९० भाग, त्यापेक्षा जास्त नको. अमेरिकेनं घरगुती रंगांतल्या शिशावर बंदी घातली ती १९७८ साली. म्हणजे आपल्याकडचं त्याआधीचं कुठलंही रंगवलेलं लाकूड, विशेषतः ऑइलपेंटचं, शिशाचं आहे असं धरून चालावं. डोळ्यांनी ते ओळखता येत नाही.

यातली सगळ्यात जुनी कहाणी ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनची आहे. तिथं मुलांना विचित्र दुखणी होत. गिब्सन नावाच्या डॉक्टरांनी १९०४ साली सांगितलं की, दोष व्हरांड्याच्या रंगवलेल्या कठड्यांचा आहे. उन्हानं रंगाची भुकटी होते, मुलं कठड्याला हात लावतात आणि तीच बोटं तोंडात घालतात. आपलं नगरचं ऊन आठवा आणि आपल्या खिडक्यांच्या चौकटी आठवा. शंभराहून अधिक वर्षं झाली, तरी ही वाट बदललेली नाही: धूळ, बोट, तोंड. पोटात गेलेलं शिसं मुलाचं शरीर मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेतं. ते मेंदूच्या वाढीवर येतं आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. किती शिसं चालेल, याला जागतिक आरोग्य संघटना ‘अमुक इतकं’ असं उत्तर देत नाही. निर्धोक अशी पातळीच माहीत नाही, म्हणते. युनिसेफनं २०२० साली जो अंदाज मांडला, त्यात रक्तात चिंताजनक शिसं असलेली जगातली ८० कोटी मुलं होती, त्यातली साडेसत्तावीस कोटी भारतातली. सगळ्याचं कारण रंग नव्हे. जुन्या बॅटऱ्या वितळवणं हे त्याहून मोठं कारण. पण बॅटरी आपण घरात घासत नाही.

आणि गर्भाचं काय? शिसं हाडांत साठतं आणि गरोदरपणात ते हाडांतून सुटून रक्तात येतं, तिथून बाळापर्यंत जातं. चाचा मुलीला उठवत होते ते यासाठी.

आमच्या हिची समजूत पटायला वेळ लागला. “आम्ही नाही का त्यातच वाढलो?” हा प्रश्न प्रत्येक घरात असतोच. पाळण्यावर नवा रंग चढवून भागवू, असाही एक विचार निघाला. कपाटाच्या मागच्या बाजूला तो चालेल. जो रंग घट्ट बसला आहे, सुटत नाही, त्याला हात न लावता वर नवा हात देणं हा सर्वांत शहाणा उपाय आहे, हे मी आवर्जून सांगतो. पाळण्याला मात्र तो चालत नाही. दात शिवशिवायला लागले की मूल कड चावतं, आणि वरच्या नव्या थराला ते ऐकणार नाही. शेवटी पाळणा चाचांनी आपल्या शेडवर नेला आणि आमच्याकडे बाळासाठी जुन्या साडीची झोळी तयार झाली. बाळाला काही फरक पडला नाही.

आता ज्यांना घरीच काम करायचं आहे त्यांच्यासाठी. आधी वस्तूवर ऑइलपेंट आहे की लाखेचं पॉलिश, ते बघा. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन आतल्या कोपऱ्यात चोळा. चिकट होऊन सुटलं तर ते चपड्या लाखेचं पॉलिश. ते स्पिरिट आणि फडक्यानंच उतरतं, पुडीचा प्रश्न येत नाही. सावंतवाडीचा रंगीत पाट किंवा संखेड्याचा झुला घरी असेल, तर कृपा करून त्याला काहीच करू नका. तिथं रंग हीच वस्तू आहे.

ऑइलपेंट असेल तर एकच गोष्ट लक्षात ठेवा: ओलं. बाटलीतून पाण्याचा फवारा मारत राहायचं, पाण्यात थेंबभर साबण टाकला तरी चालेल, आणि ओल्या रंगावर लांबी भरायची पट्टी धरून हळूहळू खरवडायचं. राहिलेलं घासायचं ते साध्या पॉलिश पेपरनं नव्हे, तर ओल्या वॉटर पेपरनं. लाकूड थोडं फुगेल, रेषा उठतील. दोन दिवस सावलीत वाळू द्या, बसतात. काम अंगणात, वारा पडलेला असताना, खाली जाड प्लास्टिक अंथरून. मुलं, गरोदर बायका दूर. मांजर आणि शेळीसुद्धा. ती अंग चाटतात, लाकूडही चाटतात. नाकाला एन-९५ मास्क, कोरोनानं आपल्याला तेवढी सवय लावून ठेवली आहे. रुमाल उपयोगाचा नाही. झाडू मारू नका; ओल्या फडक्यानं पुसा, फडकं टाकून द्या. हात धुतल्याशिवाय चहाचा कप उचलू नका, अंगावरचे कपडे घरच्यांच्या कपड्यांत भिजवू नका.

घासायचं मशीन लावू नका, ते दहा मिनिटांत घरभर पूड करतं. ब्लोलॅम्प लावू नका. त्याच्या आचेनं शिसं धूर होऊन छातीत जातं. कॉस्टिक सोड्यानं रंग निघतो, पण साग काळा पडतो, सांधे सुटतात, आणि डोळ्यांत थेंब गेला तर डोळा जातो. दुकानात पेंट रिमूव्हरचा डबा मिळतो, त्यावरची बारीक अक्षरं वाचा. मेथिलीन क्लोराइड किंवा डायक्लोरोमिथेन लिहिलं असेल तर ठेवून द्या. त्याची वाफ हवेपेक्षा जड, बंद खोलीत तळाशी साचते. शरीरात गेल्यावर त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. बंद न्हाणीघरात काम करताना माणसं यानं दगावली आहेत. अमेरिकेत हे घरगुती गिऱ्हाइकाला विकायला २०१९ पासून बंदी आहे. एन-९५ मास्क या वाफेला अडवत नाही.

साग उघडा झाल्यावर जवसाचं तेल लावणार असाल तर त्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटतात. तारेवर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

एक गोष्ट आपल्या भागात अजून चालते, ती सांगितलीच पाहिजे. मोडक्या खिडकीच्या, जुन्या दाराच्या रंगवलेल्या फळ्या बंबात घालतात. फुकटचं जळण, गरम पाणी मिळतं. पण तो धूर आणि ती राख दोन्ही शिशाची. त्याच राखेनं पुढं भांडी घासली जातात, तीच परसात कढीलिंबाला घातली जाते. गावाकडच्या चुलीचंही तेच. बिनरंगी लाकूड जाळा, रंगवलेलं नको.

आणि खरवडलेला रंग? प्लास्टिकच्या कडा ओल्या असतानाच आत दुमडायच्या, गाठ मारायची, दुसऱ्या पिशवीत घालून पुन्हा गाठ. मोरीत ओतायचा नाही, झाडाच्या आळ्यात तर मुळीच नाही. घंटागाडी आली की ती पिशवी ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता वेगळी हातात द्यायची आणि आत काय आहे ते त्या माणसाला तोंडानं सांगायचं. कारण तो पिशव्या फोडून बघतो, तेही बिनहातमोज्यांचा, आणि लेकरं त्याच्याही घरी असतात.