निरोप घेणाऱ्या नेत्याचं प्रगतिपुस्तक



"राजकारण सोडून काहीही बोल," असं संयोजकांनी मला बजावलं आहे. त्यामुळे कोणत्याही पक्षाची बाजू घेत नाही. एखादा नेता पायउतार होतो तेव्हा आपण त्याच्याबद्दल मत कसं बनवतो, एवढंच बोलते. उदाहरण डॉ. मनमोहन सिंग यांचं घेते.

३ जानेवारी २०१४ रोजी दिल्लीत पत्रकार परिषद घेऊन त्यांनी आपण पुन्हा पंतप्रधान होणार नसल्याचं जाहीर केलं. आजची माध्यमं आणि विरोधक यांच्यापेक्षा इतिहास आपल्याशी अधिक सहृदयतेने वागेल, अशा अर्थाचं ते त्या दिवशी बोलले. तेव्हा वातावरण कसं होतं, आठवा. जुलै २०१२ मध्ये 'टाइम'च्या आशिया आवृत्तीने मुखपृष्ठावर त्यांना 'अंडरअचीव्हर' म्हटलं होतं. वाहिन्यांवर त्यांच्या मौनाची थट्टा चाले आणि फोनवर त्यांचे विनोद फिरत.

२६ डिसेंबर २०२४ ला ते गेले आणि त्याच पडद्यांवर १९९१ च्या अर्थसंकल्पाचं भाषण दिसू लागलं. विनोद पाठवणारे अनेक जण 'असा माणूस पुन्हा होणे नाही' असं लिहू लागले.

मला दोन्ही वेळची घाई खटकते. 'टू-जी'चंच पाहा. २०१० च्या 'कॅग' अहवालातला १.७६ लाख कोटींचा आकडा घरोघरी पोहोचला, पण तो अंदाजित तोटा होता हे फार थोड्यांपर्यंत गेलं. डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडलं, त्या बातमीला तेवढा आवाज मिळाला नाही. म्हणून सगळी टीका खोटी होती का? तसंही नाही. सर्वोच्च न्यायालयानेच २०१२ मध्ये १२२ परवाने आणि २०१४ मध्ये २१४ कोळसा खाणींचं वाटप रद्द केलं. श्रद्धांजलीच्या दिवसांत हे कुणी फारसं काढलं नाही.

कौतुकाचंही तसंच. १९९१ साली आपण प्राथमिक शाळेत होतो. पुढे आपल्यापैकी कितीतरी जणांना सॉफ्टवेअरमध्ये नोकऱ्या मिळाल्या, त्यात त्या धोरणांचा वाटा आहे. पण राजकीय जोखीम पत्करणारे पंतप्रधान नरसिंह राव होते. २००५ च्या रोजगार हमी कायद्यामागे तर आपल्या महाराष्ट्राचा आधीचा अनुभव होता.

आमच्या क्षेत्रात कुणी नोकरी सोडली की कामाचं हस्तांतर होतं. काय नीट चाललं आहे, काय अर्धवट आहे, कुठे बिघाड आहे, हे सगळं लिहून घेतात. जाणारा आवडता असो वा नावडता, ती यादी बदलत नाही. आपल्या बाईंनी आणि सरांनीही प्रगतिपुस्तकात प्रत्येक विषयाचे गुण वेगळे दिले. गणितात नापास म्हणून मराठीचे गुण कुणी कापले नाहीत.

पुढचा नेता निवृत्त होईल, हरेल किंवा जाईल, तो आपल्या आवडीचा असेल वा नसेल. त्या दिवशी संदेश पुढे ढकलण्याआधी त्याचं प्रगतिपुस्तक विषयवार भरून पाहू या. ही सवय आपल्याला याच शाळेने लावली आहे.