गर्दी टाळून येणारे पाहुणे आणि आपली विहीर



आज आपण जरा लांब, युरोपातल्या स्पेन देशात जाऊ या. ऊन, निळा समुद्र आणि जुनी शहरं यांसाठी जगभरातली माणसं तिथे सुट्टीला जातात. देशाची लोकसंख्या पाच कोटींच्या आत, आणि २०२४ साली बाहेरून आलेले पर्यटक सुमारे ९ कोटी ४० लाख! त्यातले बरेचसे उन्हाळ्यात आणि त्याच त्या ठिकाणी. बार्सिलोना शहरात घरं पर्यटकांना भाड्याने जाऊ लागली, तशी गावच्या माणसांना भाडी परवडेनाशी झाली. मायोर्का आणि कॅनरी बेटांवर २०२४ साली लोकांनी मोर्चे काढले. पर्यटकांना दिलेली घरं नोव्हेंबर २०२८ पर्यंत बंद करायची, असं बार्सिलोनाने ठरवलं आहे.

मुंबई-पुण्याला नोकरी करणारी आपली मुलं-सुना आता परदेशी फिरायला जातात. कुणी स्पेनला निघालं, तर सांगा, जुलै-ऑगस्ट टाळा. ऑगस्टात तिथली माणसं स्वतःच सुट्टीवर असतात, समुद्रकिनारे भरलेले असतात आणि दक्षिणेत ऊन चाळिशी ओलांडतं. एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर बरा. ग्रानादाचा आल्हांब्रा राजवाडा बघायचा, तर तिकीट आधीच काढा, कारण रोज ठरावीक माणसांनाच आत सोडतात.

आणि शांतता हवी असेल, तर वायव्येच्या गालिसिया भागात जा. हिरवागार, पावसाळी, थोडा आपल्या कोकणासारखा. पण असं शांत ठिकाण शोधत सगळेच निघाले, की गर्दी तिथेही पोचते. म्हणून तिथल्या सिएस बेटांवर हंगामात दिवसाला १,८०० पर्यटकांची मर्यादा आहे. आधी परवानगी घ्यायची, मग होडीचं तिकीट.

त्याच किनाऱ्यावर बायका ओहोटीला गमबूट घालून उतरतात आणि दाताळ्याने वाळू उकरून शिंपले काढतात. त्यांना परवाना लागतो. एकीने दिवसाला किती किलो काढायचे, तेही ठरलेलं असतं. लहान शिंपला परत वाळूत टाकायचा. काही जणी आता पर्यटकांना सोबत नेऊन हे काम दाखवतात. आपल्या खाडीत तिसऱ्या काढणाऱ्या बायांना यातलं शहाणपण वेगळं सांगायला नको. आज सगळंच ओरबाडलं, तर उद्या टोपली रिकामी.

हे सगळं आम्ही का सांगतोय? आमचा बचत गट कोकणात खाडीकाठच्या एका गावात घरगुती निवास चालवतो. चार घरं, आठ खोल्या. गोव्याची गर्दी नको म्हणून पाहुणे आमच्याकडे येतात. मागच्या वर्षी मे महिन्यात आठही खोल्या भरल्या. आम्ही खूश होतो. पण विहिरीने तळ गाठला. खोल्यांसाठी टँकर आला, आणि शेजारच्या बाया हंडे घेऊन वरच्या वाडीत जाऊ लागल्या. एके दिवशी पाणवठ्यावर कडाक्याचं भांडण झालं. रात्रीच्या बैठकीत आमच्यातल्या वयस्कर काकी म्हणाल्या, "पैसे आपल्या डब्यात आणि हंडा शेजारणीच्या डोक्यावर, हे बरं दिसतं का?"

सगळ्यांना ते लगेच पटलं नाही. एकीच्या मुलाची फी भरायची होती, एकीचं कर्ज होतं. दोन बैठका वादात गेल्या. शेवटी ठरलं, मे महिन्यात चारच खोल्या द्यायच्या, प्रत्येक घरातली एक, म्हणजे कुणा एकीचंच नुकसान नको. बाकीच्यांना फोनवर सांगायचं, "गणपती झाले की या, तेव्हा विहीर भरलेली असते, डोंगर हिरवा असतो आणि गर्दीही नसते."

खोटं कशाला सांगू, या मे महिन्यात हातात पैसे कमी आले. थोडे पाहुणे ऑक्टोबरात आले, पण तूट अजून पुरती भरलेली नाही. मात्र पाणवठ्यावर भांडण झालं नाही, आणि पूर्वी आमच्याशी न बोलणाऱ्या दोघी जणी आता पाहुण्यांसाठी घावणे करून देतात.

मैत्रिणींनो, तुमच्या गावातही अशा खोल्या सुरू करायचा विचार असेल, तर पहिल्या बैठकीत दर ठरवण्याआधी एक गोष्ट मोजा. मे महिन्यात आपली विहीर किती माणसांना पुरते? तेवढाच आकडा पाटीवर लिहा. तुम्ही काय ठरवलंत, ते आम्हाला जरूर कळवा.