धर्मांतर मनाचे आणि धर्मांतर सक्तीचे
(मालवण येथील धम्मबांधवांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या घराने नुकताच बुद्धधम्म स्वीकारला आहे, त्या घराला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. देव का सोडलेत, हा पहिला. त्याचे उत्तर तुम्ही अनेकदा दिले आहे. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे : "पूजा सोडण्याच्या प्रतिज्ञा तुमच्याकडून वदवून घेतल्या, ही सक्ती नव्हे काय?" त्याचे उत्तर द्यावयाचे तर धर्माची सक्ती म्हणजे काय, हे आधी जाणले पाहिजे. त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा लागतो.

पोर्तुगीजांनी 1510 साली गोवा जिंकला. 1540 साली तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली आणि त्यांच्या जमिनी पुढे चर्चकडे वळविण्यात आल्या. 1559 च्या राजाज्ञेने पोरक्या हिंदू मुलांना नातेवाइकांकडून काढून घेऊन ख्रिस्ती करण्याची वाट मोकळी केली. केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, तो याच धामधुमीच्या काळात. 1560 साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, बसले. 1774 ते 1778 ही चार वर्षे वगळता ते 1812 पर्यंत चालले.

तुम्ही म्हणाल, ज्या देवळाच्या पायरीवर आपल्या पूर्वजांची सावलीही चालत नव्हती, ते पडले याचे दुःख आपण का करावे? दुःख देवळाचे नव्हे. माणसाने कोणापुढे हात जोडावेत अथवा जोडू नयेत, हे शिपायाने ठरविले, याचे ते दुःख आहे. काल देवळाचा दरवाजा ज्या जुलमाने आपल्यासाठी बंद केला, त्याच जातीचा हा जुलूम होय. फक्त हात दुसरे होते.

या न्यायालयाचा मुख्य रोख कोणावर होता, हे नीट ऐका. तो प्रामुख्याने ख्रिस्ती झालेल्यांवरच होता! नवा धर्म घेतलेला माणूस घरात जुने काही करतो काय, यावर पाळत होती. चाडीवरून माणसे धरली जात. चाडी करणारा कोण, हे आरोपीला कळत नसे. ज्यू वंशातील नामांकित वैद्य गार्सिया द ओर्ता याने 1563 साली गोव्यातच औषधी वनस्पतींवरील आपला ग्रंथ छापला. 1568 साली तो वारला. दुसऱ्याच वर्षी त्याच्या बहिणीला जाळण्यात आले आणि 1580 साली त्याची स्वतःची हाडे उकरून जाळण्यात आली. 1684 साली व्हाइसरॉयने हुकूम काढला की, तीन वर्षांत लोकांनी कोंकणी टाकून पोर्तुगीज बोलावे. 1736 च्या धर्मन्यायालयाच्या जाहीरनाम्याने ख्रिस्ती पुरुषाच्या धोतरावर, बाईच्या चोळीवर आणि दारातील तुळशीवरही बंदी घातली.

एवढे करून जात गेली काय? नाही. बामण, चार्डो, सुदीर हे भेद ख्रिस्ती समाजातही उभे राहिले. पोशाख बदलला, नाव बदलले. पण मन बदलले नाही, म्हणून उच्चनीचता तशीच राहिली. सक्तीच्या धर्मांतराचा हा पराभव आहे.

युरोपातील राजांनी आपल्याच धर्मातील लोकांनाही सोडले नाही. फ्रान्समध्ये कॅथलिक व प्रॉटेस्टंट दोघेही ख्रिस्ताचेच उपासक. तरीही 24 ऑगस्ट 1572 रोजी पॅरिसमध्ये प्रॉटेस्टंटांची कत्तल सुरू झाली. चौथ्या हेन्रीने 1598 साली नांतचा जाहीरनामा काढून त्यांना उपासनेचा मर्यादित हक्क दिला. पण राजाने दिलेले राजा परत घेऊ शकतो. चौदाव्या लुईने प्रथम 1676 पासून धर्म बदलणाऱ्यास पैसे देण्याचा निधी चालविला, नंतर लोकांच्या घरांत सैनिक ठेवले, आणि 1685 साली तो जाहीरनामाच रद्द केला. धर्मोपदेशकांना पंधरा दिवसांत देश सोडण्याचा हुकूम झाला, तर सामान्य प्रॉटेस्टंटाला देश सोडण्याची मनाई झाली! तरीही दीड-दोन लाख माणसे पळून गेली. त्यांतील कुशल कारागीर इंग्लंड, हॉलंड आणि प्रशिया यांच्या उपयोगी पडले.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्या. सहिष्णुता ही मेहेरबानी असेल तर ती टिकत नाही. ती हक्क असावी लागते. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिने तयार केलेल्या संविधानाच्या 25 व्या कलमात सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य प्रत्येक व्यक्तीला हक्क म्हणून मिळाले आहे.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्या. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात ज्या बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या गेल्या, त्यांतील बोलणारा 'मी' आहे. गोव्याच्या जाहीरनाम्यात बोलणारा अधिकारी होता आणि ऐकणारा गुन्हेगार. प्रतिज्ञा मोडणाऱ्यासाठी बाबासाहेबांनी तुरुंग बांधला नाही, हेर नेमला नाही, कोणाची जमीन घेतली नाही. उलट, धर्म बदलल्याची किंमत आपणच मोजली. अनुसूचित जातींच्या 1950 च्या राष्ट्रपती आदेशात बौद्धांचा समावेश व्हावयास 1990 साल उजाडावे लागले. सवलत बुडेल हे ठाऊक असूनही लाखो लोक मागे फिरले नाहीत. याला सक्ती कोण म्हणेल?

परंतु हे उत्तर खरे ठरविणे तुमच्या हाती आहे. चतुर्थीला एखाद्या म्हाताऱ्या आईचे मन गणपतीकडे ओढ घेते. तिची मूर्ती हिसकावून खाडीत टाकू नका. तिच्यापाशी बसा, बुद्धाचे चरित्र वाचून दाखवा, तिच्या शंका ऐका. शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यात डोकावून वस्तीत चाडी करू नका. ते धर्मन्यायालयाचे काम आहे, उपासकाचे नव्हे. स्वतः मात्र प्रतिज्ञेशी ढिले राहू नका. गावऱ्हाटीतील हीन कामासाठी कोणी बोलावले, तर नम्रपणे पण ठामपणे नकार द्या. त्यासाठी बहिष्कार घातला, तर कायद्याचा आधार घ्या. 2016 चा महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा त्यासाठीच आहे.

आणखी एक कर्तव्य आहे. त्याच 1950 च्या आदेशात दलित ख्रिस्ती व मुसलमान बांधवांना आजही स्थान नाही. आपल्याला न्याय मिळाला म्हणून आपण गप्प बसावे काय? जो धर्म बदलल्याची शिक्षा भोगतो, तो कोणत्याही धर्मात गेलेला असो, त्याची बाजू आपणांस इतरांपेक्षा अधिक कळली पाहिजे.

सम्राट अशोकाने आपल्या बाराव्या शिलालेखात बजावले आहे की, स्वतःच्या पंथाच्या अभिमानाने दुसऱ्याच्या पंथाची निंदा करणारा आपल्याच पंथाची हानी करतो. हातात साम्राज्य असताना त्या उपासकाने हे लिहिले. तुमच्या हाती साम्राज्य नाही, पण घर आहे, वस्ती आहे आणि मुलांची मने आहेत. तेथे धम्म समजुतीने रुजवा. समजून घेतलेला धम्म कोणत्याही राजाला रद्द करता येत नाही.

जय भीम!