अतिदक्षता विभाग, प्रोबायोटिके आणि देणगीचा रुपया

(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात प्रशासकांनी केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून मी जमाखर्चाचे आकडे वाचून दाखवितो. ते आकडे या अहवालाच्या पुढील पानांवर छापलेले असल्याने आज त्यांची पुनरुक्ती करीत नाही. त्याऐवजी अध्यक्षांच्या अनुमतीने एका नाकारलेल्या देणगीविषयी बोलणार आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकीय विषयावर बोलण्याचा अधिकार माझा नव्हे. जे सांगतो ते आमच्या डॉक्टरांनी समजावून दिलेले व त्यांनी वाचावयास दिलेल्या लेखांतून उमजलेले आहे.

आपल्या एका ज्येष्ठ देणगीदारांनी आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ एक प्रस्ताव मांडला. इन्फ्लुएंझा, स्वाइन फ्लू किंवा करोना यांसारख्या विषाणूजन्य आजारामुळे फुप्फुसदाह होऊन अतिदक्षता विभागात दाखल होणाऱ्या प्रत्येक रुग्णास वर्षभर प्रोबायोटिकच्या पुड्या विनामूल्य द्याव्यात, त्याचा संपूर्ण खर्च ते सोसतील. भावना उदात्त होती आणि रक्कमही लहान नव्हती. आमच्या वैद्यकीय समितीने मात्र या कारणासाठी ती स्वीकारता येणार नाही, असे विनयपूर्वक कळविले. हाच प्रश्न नातेवाईक आमच्या खिडकीवर वारंवार विचारतात, म्हणून समितीची कारणे सर्वांसमोर ठेवणे मला उचित वाटते.

प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा मात्रेत घेतले असता आरोग्यास उपकारक ठरणारे जिवंत सूक्ष्मजीव, अशी व्याख्या जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली केली. परीक्षेला निघालेल्या मुलाच्या हातावर दही ठेवणाऱ्या आपल्या समाजाला ही कल्पना परकी वाटत नाही. अर्थात घरचे दही आणि औषधाच्या दुकानातील पुडी या दोन भिन्न वस्तू होत. दह्यात कोणते जिवाणू किती आहेत हे विरजणावर अवलंबून. पुडीत विशिष्ट वाणाचे जिवाणू ठरावीक संख्येने असणे अपेक्षित असते.

यामागील तर्क सबळ आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. आपल्या आतड्यांत असंख्य उपयुक्त जिवाणू वास करतात आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीशी त्यांचे निकटचे नाते असते. विषाणूवर प्रतिजैविकांचा परिणाम होत नाही. तथापि गंभीर रुग्णास जिवाणूंचा दुय्यम संसर्ग होईल या भीतीने ती पुष्कळदा द्यावी लागतात. त्यांमुळे आतड्यांतील उपयुक्त जिवाणूही नष्ट होतात, आणि त्यांच्या जागी रुग्णालयातील हट्टी जिवाणू ठाण मांडतात. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णाच्या फुप्फुसात हेच जिवाणू उतरले, तर मूळ विषाणूतून वाचलेला माणूस दुसऱ्या न्यूमोनियाने दगावू शकतो. तेव्हा बाहेरून चांगले जिवाणू द्यावेत, असे कोणासही वाटेल. फेब्रुवारी २०२० मध्ये चीनच्या आरोग्य आयोगाने करोनाच्या उपचारांविषयी जी मार्गदर्शक सूत्रे दिली, त्यांतही गंभीर रुग्णांच्या आतड्यांतील जिवाणूंचा समतोल राखणारी द्रव्ये वापरावीत, अशी सूचना होती. पुढे ती बातमी घरोघरच्या भ्रमणध्वनींवर पोहोचली.

या विचाराचे आपल्या परिसराशी एक नाते आहे. आंबवलेल्या दुधातील जिवाणू दीर्घायुष्यास साहाय्य करतात, हा विचार विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील मेच्निकॉफ या शास्त्रज्ञाने मांडला. त्यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळाले; मात्र ते रोगप्रतिकारशक्तीवरील कार्यासाठी, दह्यासाठी नव्हे. त्यांचे ओडेसा येथील एक विद्यार्थी त्यांच्यामागोमाग पॅरिसला गेले आणि पुढे मुंबईस आले. ते डॉ. वाल्देमार हाफकिन. त्यांची प्लेग प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. भोईवाड्यातून चालत जाण्याजोग्या अंतरावरची ती हाफकिन संस्था आपण सर्वांनी पाहिली आहे. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. परंतु तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस टोचून, टोचलेले किती आजारी पडले आणि न टोचलेले किती, याची त्यांनी गणना केली. गुरूचा दह्याविषयीचा विचार तर्काच्या पायरीवर राहिला; शिष्याने आपल्या शहरात मोजदाद करून दाखविली. माझ्यासारख्या हिशेबाच्या माणसास शिष्य अधिक जवळचा वाटतो, हे कबूल करतो.

अशी मोजदाद प्रोबायोटिकांचीही झाली आहे. २०१० साली अमेरिकेत सुमारे दीडशे रुग्णांवर झालेल्या एका लहान चाचणीत लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी या वाणामुळे श्वसनयंत्रावरील न्यूमोनियाचे प्रमाण निम्म्यावर आलेले दिसले. आशा वाढली. त्यानंतर कॅनडा, अमेरिका व सौदी अरेबिया येथील ४४ अतिदक्षता विभागांत तोच वाण घेऊन मोठी चाचणी झाली, आणि तिचा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण २,६५० रुग्ण. प्रोबायोटिक मिळालेल्यांपैकी २१.९ टक्के रुग्णांना न्यूमोनिया झाला, न मिळालेल्यांपैकी २१.३ टक्के रुग्णांना. म्हणजे लाभ शून्य. याउलट, ज्या रक्तादी द्रव्यांत कोणताही जिवाणू असता कामा नये, त्यांत पुडीतील जिवाणू सापडण्यासारखे अपाय प्रोबायोटिक घेतलेल्या १५ रुग्णांत आढळले, न घेतलेल्यांत एकाच रुग्णात.

आमच्या सभेत एका विश्वस्तांनी विचारले, "लाभ नसेल, पण दह्यातल्या जंतूंनी अपाय तो काय होणार?" प्रश्न रास्त होता. निरोगी माणसास बहुधा काहीच होत नाही. परंतु अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या मोठ्या शिरेत नळी असते, प्रतिकारशक्ती खालावलेली असते, आतड्यांचा रक्तपुरवठाही कधी अपुरा असतो. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांना प्रोबायोटिके देऊन पाहिली. २००८ साली जाहीर झालेल्या त्या निष्कर्षानुसार प्रोबायोटिक दिलेल्या १५२ रुग्णांपैकी २४ दगावले, न दिलेल्या १४४ पैकी ९. आजार निराळा होता, हे खरे. परंतु हे आकडे वाचल्यावर सभेत काही काळ कोणी बोलले नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्याच देशात, ओडिशाच्या खेड्यांतील साडेचार हजारांहून अधिक नवजात बालकांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, एका निराळ्या वाणाच्या जिवाणूंमुळे रक्तदोष किंवा मृत्यू यांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. श्वसनमार्गाचे संसर्गही घटले. किती मोठी गोष्ट आहे ही! मेक्सिकोत करोनाच्या ३०० रुग्णांवर झालेल्या चाचणीतही प्रोबायोटिक घेतलेले अधिक संख्येने लवकर लक्षणमुक्त झाले. मात्र ओडिशातील बालके जन्मतः सुदृढ व मातेच्या दुधावरची होती, आणि मेक्सिकोतील रुग्ण घरी राहून उपचार घेणारे. श्वसनयंत्रावरील साठ वर्षांच्या गृहस्थांना त्यांचा निष्कर्ष लावता येत नाही. म्हणून आमच्या समितीचा नकार प्रोबायोटिकांना सरसकट नाही. साध्या विभागातील रुग्णास डॉक्टरांनी लिहून दिले तर ते जरूर दिले जाते. अतिदक्षता विभागात सर्वांना सरसकट देणे, एवढेच समितीस मान्य नाही.

आता पैशाविषयी. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू झालेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांस १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात, आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. हा निधी गंभीर रुग्णांच्या खर्चास नेहमीच अपुरा पडतो. अशा वेळी देणगीचा रुपया कोठे पडला, यास महत्त्व येते. श्वसनयंत्रावरील रुग्णाचा न्यूमोनिया टाळण्यासाठी डॉक्टरांनी मला जी यादी दिली, ती फारच साधी निघाली. खाटेचा डोक्याकडील भाग उंच ठेवणे, रुग्णाचे दात व तोंड नियमित स्वच्छ करणे, प्रत्येक रुग्णास स्पर्श करण्यापूर्वी हात धुणे, गुंगीचे औषध रोज कमी करून श्वसनयंत्र काढता येईल का हे पाहणे, आणि प्रतिजैविकांची गरज संपताच ती थांबविणे. यांतील बहुतेक गोष्टींस पुडी लागत नाही, माणूस लागतो. आणि रात्रपाळीस तो कमी असतो.

हे सर्व मी देणगीदारांच्या घरी जाऊन सांगितले. ते प्रथम किंचित खट्टू झाले. "आईच्या नावाने परिचारिकेचा पगार? त्यावर पाटी कोठे लावणार?" असे त्यांनी विचारले. चार दिवसांनी त्यांचा दूरध्वनी आला. अतिदक्षता विभागातील रात्रपाळीच्या एका जादा परिचारिकेचे वर्षभराचे वेतन त्यांच्या मातोश्रींच्या स्मरणार्थ त्या देणगीतून दिले जात आहे. पाटी लावलेली नाही. नोंद या अहवालात आहे.

शेवटी नातेवाईकांस विनंती. मागील पावसाळ्यात एका रुग्णाच्या सूनबाई डब्यात घरचे ताक घेऊन आल्या होत्या आणि ते नाकातील नळीवाटे द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. सासऱ्यांसाठी पहाटे उठून केलेले ताक परत नेताना त्यांना वाईट वाटले, हे आम्ही पाहिले. परंतु अतिदक्षता विभागात बाहेरचे दही, ताक किंवा पुड्या कृपया आणू नयेत, परिचारिकेच्या हाती परस्पर देऊ नयेत. रुग्ण घरी अशी पुडी घेत असेल, तर दाखल करतानाच डॉक्टरांस तसे सांगावे. रुग्ण साध्या विभागात आला, तोंडाने जेवू लागला, की आहारतज्ज्ञ बाईंना विचारावे. त्या सूनबाईंचे सासरे पुढे बाराव्या दिवशी साध्या विभागात आले, आणि त्यांच्या पहिल्या जेवणात आहारतज्ज्ञ बाईंनी मऊ भात व ताकच लिहून दिले.